विद्याधरीचे उत्तरायुष्य

मैलापाणी शुद्ध करणारे एखादे केंद्र कालबाह्य होऊन बंद पडले, की त्या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न गेल्या काही दशकांत अनेक शहरांपुढे उभा राहिला आहे. प्रागमधील बुबेनेच येथील केंद्र १९०६ मध्ये पुरे झाले, १९६७ पर्यंत चालले आणि आज तेथे संग्रहालय आहे. विटांच्या कमानी, वाफेची यंत्रे आणि भूमिगत निवळण-टाक्या पाहावयास लोक तिकीट काढून जातात. अशा जागांविषयी दुसरीही एक कल्पना अधूनमधून मांडली जाते : तेथे मत्स्यपालन सुरू करावे. टाक्या तयार आहेत, नळ आणि दरवाजे आहेत, पाणी आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची व्यवस्था आहे. मासे वाढविण्यासाठी याहून अधिक काय हवे?

ही कल्पना ऐकताना आपल्या मनात दोन भाव एकदमच उमटतात. एक कौतुकाचा, दुसरा किळसेचा. टाकाऊतून टिकाऊ म्हणून कौतुक, आणि ज्या टाकीत काल मैला होता तीत आज मासा म्हणून किळस. प्रस्तुत लेखात या दोन्ही भावांकडे थोडे संशयाने पाहावयाचे आहे. कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे : मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र ही एक वस्तू, मासळीचे तळे ही दुसरी, आणि पहिलीचे दुसरीत रूपांतर हा एक आधुनिक, चतुर शोध. इतिहास पाहिला तर हे गृहीत फारसे टिकत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, निदान दोन मोठ्या शहरांच्या वेशीवर, या दोन वस्तू एकच होत्या. त्यांपैकी एका शहरात ती व्यवस्था कागदावर आखून उभारली गेली. दुसऱ्यात एका मृत नदीच्या पात्राभोवती, कोणीही संपूर्ण आराखडा न काढता, ती घडत गेली. पहिले शहर म्युनिक, दुसरे कोलकाता. लेखाचा भर दुसऱ्यावर आहे. कारण शहराचे मैलापाणी शुद्ध होत असूनही ‘येथे शुद्धीकरण केंद्र आहे’ असे म्हणावयास अधिकृत भाषेला तेथे अर्धशतक लागले. साहित्याच्या अभ्यासकाला या उशिराचे कुतूहल वाटावयास हवे. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही तिला नाव का मिळत नाही, हा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा तितकाच भाषेचाही आहे.

२

कोलकाता हुगळीच्या काठी वसले, पण त्याचा उतार हुगळीकडे नाही. नदीने शतकानुशतके आणलेला गाळ तिच्या काठावर साचत गेला, काठ उंच झाला, आणि जमीन त्याच्या पाठीमागे पूर्वेकडे, खाऱ्या सरोवरांच्या दिशेने उतरत गेली. आरंभीच्या वसाहतकारांना याचे भान नव्हते. त्यांनी गटारे नदीकडे वळविली आणि पाणी तुंबत राहिले. १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली याने शहरसुधारणेविषयी जे टिपण लिहिले त्यात गटारांच्या चुकलेल्या उताराचा विषय आहे. पुढे अर्धे शतक या प्रश्नावर समित्या बसल्या. अखेर १८५५ मध्ये विल्यम क्लार्क या अभियंत्याने भूमिगत गटारांची योजना मांडली व १८५९ मध्ये ती स्वीकारली गेली. विटांच्या बोगद्यांतून पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकत्रच शहराच्या पूर्व कडेला न्यावयाचे, तेथे पंपांनी उचलावयाचे आणि खाऱ्या सरोवरांतून विद्याधरी नदीत सोडावयाचे, असा त्या योजनेचा सारांश होता. विद्याधरी भरती-ओहोटीची नदी. ती मातला नदीच्या वाटे समुद्राला मिळे. ओहोटीबरोबर शहराची घाण समुद्रात जाईल अशी अपेक्षा होती.

येथे एका गोष्टीची नोंद करून ठेवू. शहराने आपले तोंड हुगळीकडे ठेवले आणि पाठ पूर्वेकडे. घाट, गलबते, वखारी, प्रासाद, सारे पश्चिमेला. पूर्वेला जे होते ते नकाशावर ‘खारी सरोवरे’ किंवा नुसतीच ‘दलदल’. १८६० च्या दशकात धापा येथील सुमारे एक चौरस मैल जागा शहराचा कचरा टाकण्यासाठी घेतली गेली आणि त्याच कचऱ्याच्या खतावर पुढे भाजीपाला पिकू लागला. शहराच्या पाठीमागे शहराचेच अन्न तयार होत होते. परंतु कोलकात्याची वर्णने लिहिणाऱ्यांची नजर बहुधा दर्शनी भागावरच राहिली.

३

विद्याधरी फार काळ टिकली नाही. भरतीची नदी जिवंत राहते ती एका विशिष्ट देवघेवीवर. भरतीचे पाणी आत येते, आजूबाजूच्या सखल भूमीवर पसरते, आणि ओहोटीला परतताना पात्रातला गाळ ओढून नेते. पसरण्याची जागा कमी झाली, की परतणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो आणि गाळ पात्रातच बसतो. एकोणिसाव्या शतकात शहराच्या पूर्वेला एकामागून एक कालवे खोदले गेले, त्यांवर दरवाजे बसले. नदीला वरून मिळणारे पाणी तुटले. सखल भूमीला बांध पडले. शिवाय शहराचा मैला आणि गाळ होताच. हे बांध घालणाऱ्यांत खाऱ्या पाण्यातील मासळीची तळी राखणारेही होते, हे विसरून चालणार नाही. विद्याधरीच्या मृत्यूची सगळी जबाबदारी गोऱ्या अभियंत्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. तिच्या काठच्या मत्स्यव्यवसायाचाही तीत वाटा आहे. १९२८ मध्ये सरकार दप्तरी ही नदी मृत म्हणून जाहीर झाली.

बंगालीत अशा तळ्याला ‘भेरी’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द ऐकताच रणभेरी आठवेल. बंगाली भेरीचा तिच्याशी संबंध नाही. तेथे त्या शब्दाचा मूळ अर्थ बांध. बांधाने जे पाणी अडविले त्यालाही मग तेच नाव मिळाले. आपल्याकडे ‘बंधारा’ म्हणताना कधी भिंत तर कधी तिच्यामागचे पाणी मनात असते, तसाच हा प्रकार. हा अर्थविस्तार मोठा बोलका आहे. पाणी निसर्गाचे, बांध माणसाचा. आणि या तळ्यांची ओळख पटते ती माणसाच्या श्रमावरून.

नदी मेल्यावर समुद्राचे खारे पाणी येईनासे झाले. खाऱ्या पाण्यातील मासळी कमी होत गेली. तळी होती, बांध होते, माणसे होती. पाणी तेवढे नव्हते. जवळ जे पाणी होते ते शहराचे मैलापाणी. १९३० च्या आगेमागे ते तळ्यांत घेण्याचे प्रयोग सुरू झाले आणि गोड्या पाण्यातील मासे त्यात उत्तम वाढतात असे आढळून आले. पुढच्या दशकांत हा प्रकार झपाट्याने पसरला.

अद्वैत मल्लबर्मन यांची ‘तितास एकटि नदीर नाम’ ही कादंबरी अनेक वाचकांना परिचित असेल. १९५१ मध्ये लेखकाचे निधन झाले आणि १९५६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मल्लबर्मन स्वतः मालो या मासेमार समाजातले. नदीचे पात्र गाळाने भरत जाते आणि तिच्या आधाराने जगणारा समाज विस्कटत जातो, ही त्या कादंबरीची शोकान्त गती होय. नदी आणि मासेमार यांचे नाते बंगाली साहित्याने असे नदीच्या बाजूने सांगितले : नदी संपली की गोष्ट संपली. विद्याधरीच्या काठी मात्र नदी संपल्यावर गोष्टीचे दुसरे प्रकरण सुरू झाले, आणि त्याचे साधन होते शहराची घाण. शोकान्तिकेच्या रूढ चौकटीत ही गोष्ट बसत नाही. पण तिला सुखान्तिकाही म्हणवत नाही. ती तडजोडीची गोष्ट आहे, आणि तडजोडीला वाङ्मयप्रकारांत मानाचे पान क्वचितच मिळते.

नदी मेल्यामुळे शहरापुढेही संकट उभे राहिले. मैलापाणी जाणार कोठे? कोलकाता महापालिकेचे अभियंता डॉ. बीरेंद्रनाथ दे यांच्या योजनेप्रमाणे पूर्वेकडील कुल्टी नदीपर्यंत दोन लांब कालवे काढण्यात आले, एक कोरड्या ऋतूतील मैलापाण्यासाठी व दुसरा पावसाच्या पाण्यासाठी. १९४३ मध्ये हे काम पुरे झाले. या कालव्यांवर बानतला येथे दरवाजे आहेत. दरवाजे धरून पाण्याची पातळी उंच ठेवली, की ते पंपाविना, केवळ उताराने, पाटांतून भेरींमध्ये पोहोचते. कोलकात्याच्या व्यवस्थेचा हा कणा होय. पाणी उचलण्याचा खर्च मासेमारांवर पडला असता तर ही तळी कदाचित टिकली नसती.

४

या तळ्यांत नेमके काय घडते ते पाहू. तपशील थोडा रुक्ष वाटेल, पण त्यावाचून पुढील मुद्दा कळणार नाही.

हिवाळ्याच्या सुमारास भेरी रिकामी करतात. तळाचा गाळ उपसून बांधांवर चढवितात, तळ उन्हात वाळू देतात, नांगरतात, चुना टाकतात. मग मैलापाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे तसेच राहू देतात. तळे उथळ असते. अर्ध्या मीटरपासून दीड मीटरपर्यंत. उथळपणा येथे दोष नसून युक्ती आहे, कारण सूर्यप्रकाश जवळजवळ तळापर्यंत पोहोचतो. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू विघटित करतात. त्यातून मोकळ्या झालेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ वाढते. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जिवाणूंचे काम चालू राहते. शुद्धीकरण केंद्रात हेच काम वीज जाळून, हवेचे पंप लावून करतात. भेरीत ते ऊन करते.

परंतु शेवाळाला आवर हवा. ते वाजवीपेक्षा अधिक वाढले तर रात्री तेच प्राणवायू खाते आणि मेल्यावर पाणी पुन्हा नासवते. हा आवर घालतो मासा. रोहू, कटला, मृगळ, चंदेरा, तिलापिया यांच्या खाण्याच्या सवयी वेगवेगळ्या. कोणी वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, कोणी वनस्पतिप्लवंग, कोणी तळाचा कुजका भाग. मासा हे या तळ्याचे निव्वळ उत्पन्न नव्हे. तो त्याच्या यंत्रणेचा एक भाग आहे. तो काढला तर शुद्धीकरणही बिघडते. बांधाच्या कडेने जलपर्णीची झालर राखतात. एरवी तिला आपण जलाशयांची शत्रू मानतो; येथे ती लाटांपासून बांध राखते, माशांना सावली देते आणि पाण्यातील काही धातू मुळांत शोषून घेते. ती पसरू नये म्हणून बांबूंनी अडवून ठेवलेली असते.

पहिले पाणी मुरल्यावर बोटुकली सोडतात, आणि त्यानंतर मैलापाणी थोडथोडे, मोजून आत घेतात. मोजून म्हणजे मापकयंत्राने नव्हे. पाण्याचा रंग कोणता, हिरवा की तपकिरी, की काळसर; वास कसा; ढग आले आहेत की ऊन आहे; पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले आहेत काय. हे शेवटचे लक्षण महत्त्वाचे. रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरीत असते, त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे त्या वेळी वर येऊ लागले, की दरवाजा बंद करावयाचा. एकदोन तासांची चूक झाली तर वर्षभराचे पीक पोट वर करून तरंगू लागते.

हे सारे एक प्रकारचे वाचन आहे. साहित्याच्या लोकांनी ‘वाचन’ हा शब्द इतक्या ठिकाणी वापरला आहे, की तो येथे वापरताना संकोच वाटतो. पण दुसरा अचूक शब्द सापडत नाही. अपुऱ्या खुणांवरून न दिसणारी स्थिती ओळखणे आणि त्या ओळखीवर आपली उपजीविका पणाला लावणे, हे भेरीवरचा माणूस रोज पहाटे करतो. त्याने हे ज्ञान लिहून ठेवले नाही. ते हाताखाली काम करणाऱ्याकडे गेले, त्याच्याकडून पुढच्याकडे.

५

आता म्युनिककडे वळू. कारण तेथे हीच कल्पना लिखित स्वरूपात आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक ब्रूनो होफर यांनी सौम्य केलेल्या मैलापाण्यात मासे वाढवून ते पाणी शुद्ध करण्याची पद्धत मांडली. होफर १९१६ मध्ये वारले. त्यानंतर ईझार नदीवरील वीजप्रकल्पासाठी शहराच्या ईशान्येला जो मोठा जलाशय बांधला गेला, त्याच्या शेजारी मत्स्यतळ्यांची लांबच लांब रांग आखण्यात आली आणि १९२९ मध्ये ती सुरू झाली. ग्रोसलापेन येथील केंद्रात गाळ निवळलेले मैलापाणी नदीच्या पाण्यात मिसळून या तळ्यांत सोडीत आणि त्यात कार्प मासे वाढवीत. विक्रीपूर्वी मासे काही काळ स्वच्छ पाण्यात ठेवीत. पुढे अनेक दशके ही तळी म्हणजे म्युनिकच्या शुद्धीकरणाचा दुसरा, जैविक टप्पा होता.

कालांतराने शहर वाढले, यंत्रांनी चालणारे जैविक शुद्धीकरण आले, नियम कडक झाले. तळ्यांचे मुख्य काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले आणि जे पाणी त्यांत येऊ लागले ते आधीच शुद्ध झालेले. पाणी स्वच्छ झाले म्हणजे माशांचे भले झाले, असे आपण समजू. पण माशांचे अन्न पाण्याच्या त्या ‘अस्वच्छते’तच होते. पोषणद्रव्ये घटली तसे पाणपक्ष्यांचेही प्रमाण घटल्याच्या नोंदी आहेत. हा जलाशय आणि ही तळी १९७६ मध्येच रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून जाहीर झाली होती. आता तिची ओळख मुख्यतः पक्ष्यांची जागा म्हणून आहे.

म्युनिक आणि कोलकाता यांची तुलना करताना एक फरक ठळकपणे जाणवतो. पहिल्या शहरात प्राध्यापक, अभियंता, नगरपालिका आणि कागद होता. म्हणून ती तळी पहिल्या दिवसापासून ‘शुद्धीकरण’ या शब्दाची अधिकारी ठरली. दुसऱ्यात तीच रासायनिक आणि जैविक क्रिया, कितीतरी अधिक विस्तारावर चालत असूनही, दप्तरात केवळ ‘मत्स्यव्यवसाय’ म्हणून, आणि जमिनीच्या कागदांवर ‘दलदल’ म्हणून राहिली.

६

नाव नसण्याची किंमत मोजावी लागते. स्वातंत्र्यानंतर फाळणीच्या निर्वासितांनी भरलेल्या कोलकात्याला जागा हवी होती. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने शहराच्या पूर्वेला नवे नगर वसविण्याचे ठरले. खाऱ्या सरोवरांचा उत्तर भाग भरून काढण्याचे काम १९६२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. युगोस्लाव्हियातील एका कंपनीने हुगळीच्या तळाचा गाळ उपसून नळांतून तो सरोवरांत आणला. त्याच वर्षी जुलैत डॉ. रॉय वारले आणि पुढे त्या नगराला बिधाननगर हे नाव मिळाले. तळी गेली, त्यांवर जगणारी माणसे पांगली. त्या नगराच्या नियोजनात प्रतिभा होती हे खरे. शहराची गरजही खोटी नव्हती. पण जे भरले जात आहे ते शहराचे शुद्धीकरण केंद्र आहे हे कोणी म्हटले नाही, कारण तसे म्हणण्याची भाषाच उपलब्ध नव्हती.

ती भाषा आणली ध्रुबज्योती घोष यांनी. घोष हे राज्य सरकारच्या सेवेतील अभियंता. १९८० च्या दशकाच्या आरंभी शहराच्या मैलापाण्याचे पुढे काय होते याचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि ते कालव्याच्या कडेने पाण्यामागोमाग चालत गेले. लाखो लोकांच्या शहराला रूढ अर्थाचे पुरेसे शुद्धीकरण केंद्र नाही, तरी कालव्याच्या दुसऱ्या टोकाला मासे, भात आणि भाजी आहे. मग मधे काय घडते? ज्याला लोक दलदल म्हणत होते तेच केंद्र आहे, हे उत्तर आज सोपे वाटते. घोष यांनी या प्रदेशाचा नकाशा काढला, त्याला त्याज्याच्या पुनर्वापराचा प्रदेश असे नाव दिले आणि त्याच्या सीमा सांगितल्या. ज्यांना हे ज्ञान होते त्यांना शिकलेला समाज ज्ञानी का मानीत नाही, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला. त्याला ते बोधाच्या क्षेत्रातील वर्णभेद म्हणत. मराठी वाचकाला या शब्दप्रयोगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नसावी. मैल्याशी संबंध आलेल्या माणसाचे ज्ञान हे ज्ञान ठरत नाही, हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही.

नाव मिळाल्यावर कायद्याला हातात धरावयास काहीतरी मिळाले. या भागात उभारू घातलेल्या व्यापारसंकुलाविरुद्ध ‘पब्लिक’ या नागरिकांच्या संघटनेने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ भूमीच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश ‘पूर्व कोलकाता पाणथळ भूमी’ या नावाने रामसर यादीत गेला. २००६ मध्ये पश्चिम बंगालने तिच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. घोष यांचे २०१८ मध्ये निधन झाले.

दरम्यान एक उलटा प्रवासही घडला. १९८० च्या दशकात गंगा कृती योजनेतून टिटागढ, पानिहाटी आणि बाली या गावांसाठी जी केंद्रे आखली गेली, ती भेरींच्या धर्तीवर : उथळ तळी, त्यांत मासे, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर शेती. ज्या मासेमारांना अभियांत्रिकीने ओळखले नव्हते त्यांच्या तळ्यांची नक्कल अभियांत्रिकी करू लागली.

७

आता आक्षेप. ते मांडल्यावाचून हा लेख नुसता स्तुतिपाठ ठरेल.

पहिला आक्षेप आरोग्याचा. मैलापाण्यातील रोगजंतू तळ्यातील ऊन, काळ आणि अन्य जीव यांच्या प्रभावाने मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. पण ‘मोठ्या प्रमाणात’ म्हणजे ‘पूर्णतः’ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये अशा मत्स्यपालनासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. पाण्याच्या गुणवत्तेची मर्यादा, मासा साफ करताना आतडे फुटू न देणे, पूर्ण शिजविणे, कामगारांच्या अंगाला पाणी लागू न देणे, असा त्यांचा रोख आहे. घरगुती मैल्याची गोष्ट अशी हाताळता येते. कारखान्यांच्या पाण्याची तशी नाही. क्रोमियम उन्हाने मरत नाही. कोलकात्याच्या टांग्रा, तोपसिया, तिलजला भागांतील चर्मोद्योग बानतला येथे हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यामुळे शहरातील उपद्रव कमी करण्याचा मार्ग खुला झाला, पण नवी जागा याच पाणथळ प्रदेशाच्या शेजारी आली. भेरीचे शास्त्र घरगुती मैल्याचे शास्त्र आहे. तीत काहीही ओतले तरी चालेल असे मानणे म्हणजे तिच्या गुणाचाच गैरफायदा घेणे होय.

दुसरा आक्षेप न्यायाचा. भेरी म्हटले की सहकार आणि सामुदायिक शहाणपण असे चित्र उभे करण्याचा मोह होतो. काही भेरी खरोखरच सहकारी आहेत. परंतु अनेक खाजगी मालकांच्या किंवा भाडेपट्ट्याच्या आहेत, आणि पहाटे पाणी वाचणारा माणूस बहुधा तेथे मजूर असतो. ज्ञान त्याचे, तळे दुसऱ्याचे. पारंपरिक ज्ञानाचा गौरव करणाऱ्या लेखनात, प्रस्तुत लेख धरून, हा तपशील सहज गळून पडतो.

तिसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. बानतलाचे दरवाजे धरले की भेरींना पाणी मिळते. सोडले की पावसाळ्यात शहरातले पाणी लवकर ओसरते. शहराला पातळी खाली हवी, मासेमारांना वर. कागदावर संरक्षण मिळालेल्या पाणथळ भूमीचे भवितव्य अशा रीतीने एका दरवाजाच्या उंचीवर येऊन ठेपते. तळे भरण्यासाठी गाळच आणावा लागतो असे नाही. त्याचे पाणी तोडले की ते आपोआप भूखंड होते, आणि शहर तर त्याच्या उंबरठ्यावर येऊन उभेच आहे.

८

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बंद पडलेल्या शुद्धीकरण केंद्राचे मत्स्यकेंद्र करता येईल काय? टाक्यांच्या दृष्टीने पाहिले तर पुष्कळदा करता येईल, मात्र तळाशी काय साचले आहे याची तपासणी आधी हवी. घरगुती मैल्याचे केंद्र असेल तर गाळ उपसून, वाळवून काम सुरू होऊ शकते. कारखान्यांचे पाणी आलेले असेल तर त्या टाक्यांना मासा दाखवू नये. पाणी मैल्याचे घ्यावयाचे की स्वच्छ, हे दुसरे. स्वच्छ घेतले तर माशांना बाहेरून खाद्य द्यावे लागेल आणि मग ते कोणत्याही ठिकाणचे मत्स्यपालन ठरेल; जागा जुनी, एवढेच. मैल्याचे घेतले तर ते खऱ्या अर्थाने पुन्हा शुद्धीकरण केंद्रच होईल, म्हणजे रूपांतर न होता पुनरागमन होईल.

परंतु कोलकात्याचा इतिहास टाक्यांचा इतिहास नाही. विद्याधरी मेली तेव्हा तेथे काँक्रीटची एकही टाकी नव्हती. मातीचे बांध होते, आणि खाऱ्या पाण्यात पिढ्यानपिढ्या मासे राखलेली माणसे होती. पाणी बदलले तेव्हा त्यांनी नव्या पाण्याची लिपी शिकून घेतली. नदीचे उत्तरायुष्य त्या शिकण्यातून निर्माण झाले. म्युनिकची तळी अभियंत्यांनी एका निर्णयाने सुरू केली आणि दुसऱ्या निर्णयाने त्यांचे काम काढून घेतले. त्यात कोणाचे ज्ञान बुडाले असेल तर त्याची नोंद निदान ग्रंथांत आहे. कोलकात्याची तळी बुडाली तर मागे नोंद उरेल ती मुख्यतः आपल्यासारख्यांनी बाहेरून लिहिलेली. पहाटेचा रंग आणि वास तीत नसेल.

म्हणून असा एखादा प्रस्ताव वाचनात आला, तर त्यातील टाक्यांची संख्या आणि अपेक्षित उत्पन्नाचे आकडे जरूर पाहावेत. पण त्याआधी मनुष्यबळाचे पान उघडावे. पहाटे काठावर उभे राहून मासे वर येत आहेत काय हे पाहणारा माणूस त्यात कोठे आहे, त्याला काय पगार आहे, आणि त्याच्या सांगण्यावरून दरवाजा बंद होणार आहे की वरून हुकूम येण्याची वाट पाहिली जाणार आहे, एवढे तपासावे.